मुसाफिराचे ऋण

'सफर वसीला-ए-जफर' ही म्हण आमच्यासारख्या अनेक घरांतून लहानपणापासून कानावर पडत आली आहे. प्रवास हे यशाचे साधन आहे, असा तिचा सरळ अर्थ. पण यश कोणाचे? प्रवास करणाऱ्याचे, की ज्याच्या दारात तो उतरतो त्या यजमानाचेही? म्हण याबद्दल काही सांगत नाही. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडलगत पसरलेला मिहानचा परिसर पाहताना हाच प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला.

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ साली झाली आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शेतजमिनींवर मिहानची आखणी झाली. आज तिथे संगणक क्षेत्रातल्या कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, एम्स आणि आयआयएम आहे. कामानिमित्त दूरदूरची माणसे इथे येतात. विमानतळावर उतरतात, हॉटेलात राहतात, जमल्यास ताडोब्याचा वाघ पाहतात, संत्राबर्फीचा डबा घेतात आणि परत जातात. यात गैर काही नाही. पण अशा प्रवासाने पाहुण्याच्या मनात आणि यजमानाच्या घरात पुढे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

हिंदुस्थानात आलेल्या मुसाफिरांत अल्-बेरुनीचे नाव पहिल्या पंक्तीत घ्यावे लागते. तो आला तो महमूद गझनवीच्या काळात, म्हणजे तलवारीच्या सावलीत. पण त्याने इथे लूट शोधली नाही. तो संस्कृत शिकला, पंडितांपुढे विद्यार्थी होऊन बसला. पतंजलीचा योगविचार त्याने अरबीत नेला. इ. स. १०३०च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या 'किताब-उल-हिंद'मध्ये इथल्या गणित-ज्योतिषाबरोबर सण, चालीरीती, धर्मविचार असे सारे आले. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली, हेही त्याने लपवले नाही. महमूदाने नेलेल्या सोन्याचे आज काय उरले? अल्-बेरुनीचा ग्रंथ मात्र हजार वर्षांनंतरही अभ्यासकांच्या हाती आहे.

तीन शतकांनी इब्न बतूता आला. दिल्लीत काझी म्हणून त्याने काही वर्षे काढली आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. वाटेत त्याला दौलताबाद आणि नंदुरबार लागले. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिलेला मजकूर आम्ही दरवेळी नव्या कुतूहलाने वाचतो. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी अंघोळ करतात, मुक्या जनावराला इजा करणे त्यांना आवडत नाही, असे तो नोंदवतो. चौदाव्या शतकातल्या खानदेशी घरातली चूल आपल्याला दिसते, ती मोरोक्कोच्या एका मुसाफिराने तिच्याकडे लक्ष दिले म्हणून.

आता पुन्हा वर्धा रोडवर येऊ. मिहान मागे टाकून दक्षिणेला गेले की बुटीबोरी लागते आणि तिथून जवळच टाकळघाट. या वाटेने एकोणिसाव्या शतकात एक परदेशी माणूस घोड्यावरून फिरत असे. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडमध्ये १८१७ साली जन्मलेले हे मिशनरी १८४५च्या आरंभी नागपुरात आले, तेव्हा तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. हिस्लॉप मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली. ते आले होते धर्मप्रसारासाठी, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण पायाखालची माती आणि समोरचा माणूस यांच्याविषयीचे कुतूहल त्यांना त्या कामापलीकडे घेऊन गेले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म तपासले. त्यावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात छापला गेला. गोंड आणि इतर आदिवासींच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी शब्द, चालीरीती, कथा टिपल्या. लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाचे दीर्घ गीत त्यांनी एका परधान गायकाच्या तोंडून लिहून घेतले.

टाकळघाटच्या शिवारात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत, हे त्यांना ठाऊक होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ती पाहून बोरीकडे परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. वय सेहेचाळीसही पूर्ण झाले नव्हते. त्यांचे टिपण अपुरे राहिले असते, पण मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात लिंगोचे गीत गोंडी शब्दांसह आहे. पुढे १८८३ मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज सुरू झाले. टाकळघाटच्या दगडांची कहाणीही तिथेच थांबली नाही. शंभरहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले. (हे खापा वेगळे, मिहानची खापरी वेगळी.) टाकळघाटला लोहयुगातली वस्ती आणि खाप्याला शिळावर्तुळांतली दफने मिळाली. विदर्भाच्या या मातीत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणारी माणसे नांदत होती, हे त्यातून दिसले.

आणखी एक उदाहरण आपल्याच काळातले. जपानचे भिक्खू सुरई ससाई १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले. दीक्षाभूमीच्या या शहरात ते राहिले, इथल्या वस्त्यांतल्या माणसांचे झाले, भारताचे नागरिक झाले. पाहुणा म्हणून आलेला माणूस घरचा होतो तो असा.

या साऱ्यांत समान काय आहे? एक, ते थांबले, किंवा थांबले तिथे त्यांनी डोळे उघडे ठेवले. दुसरे, त्यांनी कोणाकडून तरी शिकून घेतले. त्यांच्या प्रवासाचा टिकाऊ फायदा याच दोन गोष्टींतून झाला आणि तो उभयपक्षी झाला. पाहुण्याला ज्ञान मिळाले आणि आपण रोजच्या सवयीने ज्याकडे पाहतही नव्हतो ते आपले आपल्याला दिसले. शिवारातले दगड इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले होतेच. पण ते इतिहासाचा दस्तावेज आहेत, याची नोंद व्हायला एक परका माणूस वाकून पाहावा लागला.

पण या हिशेबात एक बाकी राहून गेली आहे आणि ती आम्हाला खुपते. १८६६च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप यांचे नाव आहे, टेंपल यांचे आहे. ज्याच्या कंठातून लिंगोचे गीत आले त्या परधानाचे नाही. अल्-बेरुनीला संस्कृत शिकवणारे पंडित, इब्न बतूताला नंदुरबारी घराची रीत सांगणारा माणूस, हेही पडद्याआडच राहिले. मुसाफिराचे नाव ग्रंथावर राहते, मेजवानाचे पुसले जाते. ज्यांनी दार उघडले, पाणी दिले, शब्दाचा अर्थ सांगितला, त्यांच्यावाचून एकही सफर 'वसीला-ए-जफर' झाली नसती.

म्हणून मिहानकडे पाहताना आम्हाला विमानांपेक्षा गावांची काळजी वाटते. उद्या एखादा हिस्लॉप इथे उतरला आणि त्याने विचारले की या धावपट्टीपलीकडे पूर्वी कोणती शिवारे होती, पोळ्याला बैल कुठे जमत, गावातल्या दर्ग्यावर उरसाला कोण कोण येई, तर उत्तर कोण देणार? ते ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातले कित्येक जमीन देऊन दुसरीकडे राहायला गेले आहेत. इथल्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी या वडीलधाऱ्यांकडे जावे, त्यांचे बोल त्यांच्याच वऱ्हाडी-नागपुरी बोलीत टिपावेत आणि वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव लिहावे. परदेशी पाहुण्याला वाघ दाखवण्याआधी एखाद्या संध्याकाळी खापरी-शिवणगावच्या एखाद्या आजोबांसमोर बसवावे. पाहुणा काहीतरी शिकून जाईल आणि आजोबांच्या नातवालाही आपल्या गावाची गोष्ट, बहुधा पहिल्यांदाच, पुरती ऐकायला मिळेल.