विकलेला माल परत घेतला जात नाही? दुकानदार असं म्हणाला तर काय करायचं?

नवीन इअरबड्स आठवड्यात बंद पडले आणि दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, तर? मी स्वतः मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानात काउंटर सांभाळलाय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

वस्तू परत आली की आम्ही आधी बिल बघायचो. मग दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून तपासायचो. बऱ्याचदा दोष केबलचाच निघायचा. पाणी गेलं असेल किंवा पिन वाकली असेल, तर वॉरंटी सहसा मिळत नाही. खरा बिघाड असेल तर वस्तू डीलरकडे जायची. तो लवकर बदलून देत नसे, म्हणून आमचा मालक गिऱ्हाइकाला टोलवायचा. पण ती अडचण दुकानाची, तुमची नाही.

एकदा एक मुलगा फुगलेली पॉवर बँक घेऊन आला. बिल नाही म्हणून मालकाने परत पाठवलं. तो घरी जाऊन ती पुन्हा चार्जिंगला लावणार होता! मी मागे धावत जाऊन थांबवलं. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज करू नका, दाबू नका.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काय सांगतो?

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणंही तसंच. मुदत बिलावरची, ती नसेल तर ३० दिवस.

आधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटोसह लेखी कळवा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

आणि हो, केबल पन्नास रुपयांची असली तरी बिल मागाच.