पैसे देऊन घाबरायचं कशाला? रोलर कोस्टरचा इतिहास, राजूर घाट ते कोपनहेगन

आजचा एपिसोड माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे थोडा वाहवत गेलो तर सांभाळून घ्या.

मी बुलडाण्याचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. सुट्ट्या आणि पगारातली बचत मी एकाच गोष्टीवर उडवतो, ती म्हणजे रोलर कोस्टर. मित्र फॉरेनला जाऊन आयफेल टॉवरसमोर फोटो काढतात, मी कोस्टरच्या रांगेत उभा असतो. पहिल्यांदा अबू धाबीला गेलो तेव्हा घरी फोटो पाठवले. बाबांचा फोन आला. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. म्हणाले, "काहून रे, पैसे देऊन घाबराले एवढ्या दूर जातं काय? भेवच पाहिजे असन तं राजूर घाटात ये ना."

तेव्हा मी हसलो. पण प्रश्न डोक्यात अडकून बसला. माणसं पैसे देऊन घाबरायला कधीपासून लागली? शोधत गेलो, तर गोष्ट शेवटी बाबांच्याच सीटवर येऊन थांबली. कशी, ते ऐका.

सुरुवात बर्फापासून. सतराव्या-अठराव्या शतकात रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, हिवाळ्यात लाकडाचे उंच मनोरे उभे करून त्यांच्या उतारावर पाणी ओतायचे. पाणी गोठलं की घसरगुंडी तयार. लोक ढकलगाडीसारख्या पाटावर बसून खाली सुटायचे. राणी कॅथरीनलाही याचं वेड होतं. ही कल्पना फ्रान्समध्ये गेली. तिथे बर्फ किती दिवस टिकणार? म्हणून गाड्यांना चाकं लावली. १८१७ साली पॅरिसमध्ये अशा उतारगाड्या सुरू झाल्या आणि चाकं रुळातून निसटू नयेत अशी सोयही तिथे केली गेली. गंमत म्हणजे फ्रेंच लोक रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक म्हणतात 'अमेरिकन डोंगर'. प्रत्येकाला वाटतं, हे खूळ दुसऱ्याकडून आलंय.

आता अमेरिका. इथे गोष्ट मजेची नाही, कोळशाची आहे. पेनसिल्व्हेनियात माउच चंक नावाच्या गावी १८२७ साली खाणीतला कोळसा डोंगरावरून नदीपर्यंत न्यायला रेल्वे बांधली. इंजिन नव्हतं. भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे, सोबत ब्रेक सांभाळायला माणूस. रिकामे डबे वर ओढायला खेचरं. मग ती खेचरं वर नेऊन झाली की खाली कशी आणायची? तर डब्यात बसवून! असं सांगतात, की एकदा डब्यात बसायची सवय लागल्यावर खेचरं उतारावर पायी चालायला साफ नकार द्यायची. म्हणजे जगातले पहिले कोस्टरप्रेमी कोण, हे तुम्हीच ठरवा.

पुढे कोळसा न्यायला दुसरा मार्ग झाला आणि १८७० च्या दशकात ही रेल्वे फक्त फिरायला येणाऱ्यांसाठी उरली. लोक पैसे देऊन त्याच उतारावर बसू लागले. कालपर्यंत जे काम होतं, ते आज करमणूक झालं. माझ्या मते रोलर कोस्टरचा खरा जन्म हा.

१८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर असाच एक छोटा ट्रॅक उभा केला. तिकीट पाच सेंट, वेग ताशी साधारण १० किलोमीटर. आपली लुना याहून जोरात पळायची! पण रांगा लागल्या. त्या राइडचं नाव होतं 'स्विचबॅक रेल्वे'.

हे नाव लक्षात ठेवा, कारण आता आपण अमेरिकेतून थेट आपल्या कसारा घाटात येणार आहोत.

स्विचबॅक म्हणजे काय? डोंगर इतका उभा असतो की गाडी सरळ चढू शकत नाही. मग ती एका दिशेने थोडी चढते, थांबते, रूळ बदलून उलट्या दिशेने पुढचा टप्पा चढते. आपल्याकडे त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणायचे. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाट १८६३ साली सुरू झाला आणि नाशिककडे जाणारा थळघाट, म्हणजे कसारा घाट, १८६५ साली. दोन्हीकडे रिव्हर्सिंग स्टेशनं होती. चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती सहज घसरतं याचा विचार करा, आणि मागे शेकडो टन वजन.

आता यात बुलडाणा कुठून आला? तर १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. रेल्वे मलकापूर, शेगाववरून १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचली. आपलं खामगाव कापसाची एवढी मोठी पेठ, की जलंब ते खामगाव अशी खास फांदी टाकली गेली आणि १८७० साली तिचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावात भरलेली कापसाची गाठ मुंबईला जायची ती थळघाट उतरूनच. म्हणजे अमेरिकेत कोळसा जसा डोंगर उतरत होता, तसाच आपला कापूस उतरत होता. फरक एवढाच, की आपल्या घाटाची पुढे राइड झाली नाही.

आणि हे घाट फुकट बांधले गेले नाहीत. बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. कॉलरा, ताप, दरडी, सुरुंग यांत हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलही तिथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पूर्ण करून घेतलं. भीती त्या मजुरांनाही वाटत असणार. पण त्या भीतीचं तिकीट त्यांनी काढलं नव्हतं.

घाटात इंजिनिअर लोकांना सगळ्यात मोठी काळजी होती उतरण्याची. चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर? म्हणून कॅच सायडिंग केल्या. म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारा एक रूळ, जो वर डोंगराकडे जातो. गाडी सुसाट सुटली, तर तिला त्या रुळावर वळवायचं. चढ लागला की ती आपोआप मंदावते. मी विमान पकडायला मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला निघतो, तेव्हा इगतपुरीनंतर खिडकीशी बसतो. बाकीचे झोपलेले असतात. माझ्यासाठी ती प्रवासातली पहिली राइड.

रोलर कोस्टरचा पुढचा सगळा इतिहासही हाच आहे: पडायचं कसं हे सोपं, धरून कसं ठेवायचं हे अवघड. १८९५ साली कोनी आयलंडवरच एक पूर्ण गोल लूप असलेली राइड आली. गोल एकदम गोल असल्यामुळे आत शिरताना एवढा झटका बसायचा, की लोकांच्या माना आखडायच्या. ती फार टिकली नाही. १९१९ साली जॉन मिलरने पेटंट घेतलं ते रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकाचं. वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये रूळ. आता गाडी वर उडूच शकत नाही. त्या एका चाकामुळे १९२० च्या दशकात उंच, उभ्या कोस्टर शक्य झाल्या. १९५९ साली डिस्नीलँडमध्ये स्टीलच्या नळीचा ट्रॅक आला, आणि १९७६ साली कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने लूपचं कोडं सोडवलं. त्याने गोलाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा आकार घेतला. खाली वळण मोठं, वर लहान. झटका हळूहळू चढतो आणि मान शाबूत राहते.

माझ्या लहानपणी मात्र यातलं काही नव्हतं. टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला सुरू झालेलं ते पार्क आमच्यासाठी फॉरेनच होतं. मला जाता आलंच नाही, २०२२ साली ते बंद झालं. आमच्याकडे होती जत्रा. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ आणि गोल फिरणारी ड्रॅगन ट्रेन.

मी नऊ वर्षांचा असेन. तालुक्याच्या जत्रेत बाबांनी मला आकाशपाळण्यात बसवलं, आणि पाळणा सुटायच्या आत हात धरून खाली उतरवलं. समोरच्या दांड्याची पिन नव्हती, तिथे सुतळी बांधलेली होती. पाळणेवाला म्हणाला, "काही होत नाही साहेब, सकाळपासून चालू हाय." मागची पोरं हसली. बाबा काही बोलले नाहीत, मला घेऊन सरळ निघाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझे बाबा भित्रे आहेत, असं मला वाटलं होतं. खरं सांगतो, बरीच वर्षं वाटत राहिलं.

मग दोन वर्षांपूर्वी मी डेन्मार्कला, कोपनहेगनच्या तिवोली गार्डनमध्ये गेलो. हे पार्क १८४३ पासून आहे. तिथे रुचेबानन नावाची लाकडी कोस्टर आहे, १९१४ सालची. मी आधी अबू धाबीत ताशी २४० किलोमीटरची फॉर्म्युला रोसा केली होती, जर्मनीत युरोपा-पार्कची ७३ मीटर उंच सिल्व्हर स्टार केली होती. त्यापुढे ही म्हणजे बच्चा. पण गाडी समोर आली आणि मी बघतच राहिलो. गाडीच्या मध्ये एक माणूस बसलेला. हातात ब्रेकचा दांडा. प्रत्येक फेरीत तो आमच्याबरोबर बसतो, वळण पाहतो, वेगाचा अंदाज घेतो आणि ब्रेक लावतो. शंभरपेक्षा जास्त वर्षं हे असंच चालू आहे. सगळे हात वर करून ओरडत होते. तो एकटा शांत होता.

मला त्या क्षणी बाबा दिसले. राजूर घाट, पावसाळा, बसमध्ये पन्नास माणसं, अर्धी झोपलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक जागा माणूस. त्यांचा एक नियम होता, नव्या ड्रायव्हरला पण तोच सांगायचे: ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. फक्त ब्रेकवर विसंबायचं नाही.

आजच्या कोस्टरमध्ये तो माणूस दिसत नाही, पण त्याचं काम तिथेच आहे. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सोडली जात नाही. हा नियम सरळ रेल्वेतून आलाय. चढताना जो खटखट आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून अडकणाऱ्या खिट्टीचा. कित्येक ब्रेक असे असतात की वीज गेली, हवा गेली, तर ते उघडत नाहीत, उलट बंद होतात. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे हे मला फार भारी वाटतं. आम्ही विचार करतो सगळं नीट चाललं तर काय होईल याचा. हे लोक सुरुवातच करतात 'सगळं बिघडलं तर' या प्रश्नापासून.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. आपण पैसे भीतीसाठी देतच नाही. भीती फुकट मिळते, घाटात, खाणीत, सुतळी बांधलेल्या पाळण्यातही. आपण पैसे देतो ते आपल्या आधी कोणीतरी जागं राहून सगळं तपासलंय, या भरवशासाठी. तो भरवसा असेल तरच ओरडण्यात मजा आहे.

मागच्या दिवाळीत आईबाबांना खोपोलीला इमॅजिकामध्ये घेऊन गेलो. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क बोरघाटाच्या पायथ्याशीच आहे. तिथली नायट्रो ही कोस्टर सिल्व्हर स्टार बनवणाऱ्या त्याच स्विस कंपनीची आहे. बाबा बसले नाहीत. खाली उभे राहून चार-पाच फेऱ्या नुसत्या पाहिल्या. मी उतरून आलो तर म्हणाले, "ब्रेक चांगला लावते. झटका नाही बसत." मग जरा थांबून, "त्या टायमाले तू दोन दिवस बोलला नव्हता."

त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, "बाबा, तुमचंच बरोबर होतं." ते म्हणाले, "चाल, चहा घेऊ."

मंडळी, आता गावोगावच्या जत्रा सुरू होतील. पाळण्यात जरूर बसा, मी पण बसणार आहे. पण बसायच्या आधी दांड्याची पिन बघा, लहान भावंडांची तर नक्कीच बघा. नसेल तर उतरा. मागची पोरं हसली तर हसू द्या.

तुमच्या गावच्या जत्रेतली आठवण व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावू. भेटूया, तोपर्यंत काळजी घ्या!