खळ्यावर उभे राहण्याचा हक्क

आमची जमीन वडील कधी खंडाने देत, कधी बटईने. खंडाने दिली की ठरलेली रक्कम हाती येई. किती पोती पिकली, हे ते विचारतही नसत. बटईने दिली की मात्र मळणीच्या दिवशी पहाटेच खळ्यावर हजर. वाटेकऱ्यावर अविश्वास नव्हता. पण निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हे माप पाहिल्याशिवाय कसे कळणार?

सरकारशी करार करणाऱ्या खासगी कंपन्यांच्या वह्या सरकारी लेखापरीक्षकाने तपासाव्यात का, या वादाची कागदपत्रे वाचताना मला ते खळे आठवते.

१९९४च्या धोरणानंतर दूरसंचार कंपन्या परवान्यापोटी ठरीव शुल्क भरत. ते झेपेना, थकबाकी साचली. १९९९च्या नव्या धोरणाने शुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायचे ठरवले. खंडाची बटई झाली. २००२च्या नियमांनी कंपन्यांना हिशेबवह्या राखणे आणि मागितल्यास महालेखापरीक्षकांपुढे, म्हणजे ‘कॅग’पुढे, ठेवणे बंधनकारक केले.

कंपन्या न्यायालयात गेल्या. संविधानाच्या अनुच्छेद १४९नुसार कॅगने सरकारचे हिशेब तपासावेत, आमचे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नव्हते; खासगी व्यवहारात सरकारने किती डोकवावे, याला मर्यादा हवीच. दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जानेवारी २०१४ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ रोजी कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मर्यादाही आखली : कंपनीचा सगळा कारभार तपासायचा नाही, मात्र तिजोरीत येणारा वाटा पुरता आला का, हे पाहण्यासाठी मूळ वह्या उघडाव्याच लागतील.

२०१६च्या अहवालात कॅगने सहा कंपन्यांची २००६-०७ ते २००९-१० ही चार वर्षे मांडली. ४६,००० कोटी रुपयांहून अधिक महसूल कमी दाखवला, असा त्याचा निष्कर्ष होता.

मात्र हा हक्क सरसकट नाही. दिल्लीतल्या वीज वितरण कंपन्यांचे कॅगकडून करवून घेतलेले लेखापरीक्षण उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५मध्ये रद्द केले. तिथे सरकारचे ४९ टक्के भांडवल होते. पण विजेचे दर ठरवण्याचे काम नियामक आयोगाचे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे पैसा जनतेचा, एवढे म्हणून भागत नाही. वह्या कोणी, कधी, कशासाठी पाहायच्या, हे सही होण्याआधीच कागदावर यावे लागते. हल्ली टोलनाक्यावर गाडी थांबली की मनात येते : हा करार खंडाचा की बटईचा? आणि बटईचा असेल, तर खळ्यावर आपले कोण उभे आहे?