निराधारांचा पगार

आमच्या नांदेड-लातूरकडं संजय गांधी निराधार अनुदान योजनेला पूर्ण नावानं फारसं कुणी ओळखत नाही. "पगार उचलायला बँकेत चालले," असं एखादी म्हातारी सांगते, तेव्हा ती याच पैशांबद्दल बोलत असते. योजना 1980 सालची, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची. महाराष्ट्राचे आजवरचे हे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जानेवारी 1982 मध्ये सिमेंट प्रकरणात त्यांना खुर्ची सोडावी लागली. लोकांच्या लक्षात सिमेंट राहिलं, पगार कुणी सुरू केला ते राहिलं नाही.

त्याआधी अंध, अपंग किंवा विधवा माणसाला आधार भावकीचा. तो तुटला तर जकात-खैरात, दर्ग्याचा उंबरा, नांदेडात गुरुद्वाऱ्याचं लंगर. 1948 ला निजामी गेली तरी ही रीत चालूच होती. पोट भरायचं, पण हात पसरावा लागायचा. पसरलेल्या हातावर पडलेल्या पैशाला कुणी पगार म्हणत नाही. लोकांनी या योजनेला तो शब्द दिला, यात मला त्या काळाचा मोठा बदल दिसतो.

मात्र पगारासाठी कागद लागतात. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. उस्मानाबादेतून तो ऑगस्ट 1982 मध्ये वेगळा झाला. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि एका पहाटेत कित्येक धडधाकट माणसं कायमची जायबंदी झाली. 1995 च्या अपंग कायद्यानं किमान 40 टक्क्यांची अट घातली. तेव्हापासून माणूस टक्क्यांत मोजला जाऊ लागला.

भाषेचा मास्तर म्हणून एक गंमत सांगतो. अर्ज, दाखला, तहसील, मंजूर, हयात हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. तरी आमच्याच लोकांचे अर्ज नावापायी अडतात. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळं शाळेच्या जुन्या उर्दू दाखल्यावरचं एकच नाव एका कागदावर महेबूब, दुसऱ्यावर मेहबूब आणि आधार कार्डावर महबूब होतं. माणूस एक, कागदावर तिघं. मग प्रतिज्ञापत्र, पुन्हा रांग, पुन्हा रिक्षाभाडं.

ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये झाले, ही चांगली गोष्ट. विधवा आणि इतर निराधारांचे 1500 च राहिले. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट मात्र कैक वर्षांपासून तीच: वर्षाला 21 हजार. म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात कोण जगतं? दाखल्यासाठी बसलेल्या बाईला विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती लिहू? तिनं मलाच उलट विचारलं, "सर, किती लिहिलं म्हंजे बसतंय?"