रंध्यातील दुसरे लोखंड

सुताराच्या रंध्याचे पाते सुटे करून पाहिले, तर त्यावर स्क्रूने आवळलेली आणखी एक लोखंडी पट्टी दिसते. इंग्रजीत तिला ‘कॅप आयर्न’ म्हणतात. ती लाकूड कापत नाही. मग ती तेथे कशासाठी असते? या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी कारागिरांना ठाऊक होते. पुढे ते बव्हंशी विस्मरणात गेले आणि प्रयोगशाळेत पुन्हा गवसले.

आधी अडचण पाहू. पाते पाचरीसारखे लाकडात शिरते आणि छिलका वर उचलते. ताठ छिलका तरफेप्रमाणे वागतो. तंतू उलट्या दिशेचे असतील, तर धारेच्या पुढे भेग धावते, तंतू उपटले जातात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.

१७६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल कॅरदर्स या कारागिराने दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात दिली. वाकड्या तंतूंच्या लाकडावर हे रंधे दातेरी किंवा उभ्या पात्याच्या रंध्यांहून सरस ठरतात, असा त्याचा दावा होता. पीटर निकल्सन याने १८१२ च्या ‘मेकॅनिकल एक्सरसायझेस’ या ग्रंथात आणखी नेमकी गोष्ट नोंदवली: पट्टी धारेपासून किती दूर ठेवायची, हे लाकडावर अवलंबून असते. सरळ तंतूंच्या लाकडासाठी ती बरीच मागे ठेवावी, कारण ती जवळ आणली की रंधा ढकलणे जड जाते.

१८६७ मध्ये अमेरिकेतील लेनर्ड बेली याने पातळ पोलादाच्या, टोकाजवळ फुगवटा असलेल्या पट्टीचे पेटंट घेतले. पातळ पाते थरथरू नये, हा त्या वळणामागील हेतू होता. स्टॅन्ली कंपनीच्या रंध्यांतून ही रचना जगभर गेली. हळूहळू अनेकांचा समज झाला, की पट्टीचे काम केवळ पात्याला आधार देण्याचे आहे. तसे असेल, तर धारेपासूनचे अंतर मोजण्याची गरजच उरत नाही! मग उत्तर शोधले गेले ते जाड पात्यांत आणि अधिक उभ्या कोनांत.

१९८० च्या दशकात जपानच्या यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी कापण्याची क्रिया सूक्ष्म चित्रणातून पाहिली. पट्टीचे टोक धारेपासून सुमारे ०.१ मिलिमीटरवर आणि त्याचा पुढचा उतार ८० अंशांचा ठेवला, की छिलका पुढे रेटला जातो, त्यात दाब निर्माण होतो आणि भेग उघडण्याआधीच थोपते. अंतर थोडे वाढले, की हा परिणाम मावळतो. २०१२ च्या सुमारास हे चित्रण इंग्रजी जाणणाऱ्या सुतारांपर्यंत पोहोचले आणि जुना वाद नव्याने रंगला.

या निकषावर रचनांची तुलना सोपी होते. बेलीच्या पट्टीचा फुगवटा टोकाशी आपसूकच बराच उभा उतार देतो. आजच्या जाड, सपाट पट्ट्या पात्याला भक्कम धरतात. पण त्यांचा पुढचा उतार सौम्य असेल, तर टोकाला घासून छोटासा उभा उतार द्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत पट्टी पात्याला फटीविना टेकली पाहिजे; नाहीतर छिलके त्या फटीत अडकतात.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. निकल्सनचे निरीक्षण चुकीचे ठरले नव्हते. नंतरच्या स्पष्टीकरणात त्याला जागाच नव्हती. अपुरे स्पष्टीकरण अशा रीतीने अचूक निरीक्षणही निरुपयोगी भासवू शकते.