वेषाची पारख आणि दुकानाची पायरी

अलवारचे महाराज जयसिंह यांची एक कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. लंडनमध्ये साध्या वेषात फिरत असता ते रोल्स-रॉइस मोटारींच्या दुकानात शिरले. तेथील विक्रेत्याने कुणी किरकोळ माणूस समजून त्यांना वाटेला लावले. महाराज राजेशाही थाटात परतले, त्यांनी अनेक मोटारी विकत घेतल्या आणि संस्थानात नेऊन त्या कचरा वाहण्यास जुंपल्या! या कथेस इतिहासाचा आधार नाही. हीच कथा कधी पतियाळाच्या, कधी भरतपूरच्या, तर कधी हैदराबादच्या अधिपतीच्या नावावर खपते. तरीही ती टिकून आहे. कारण गर्विष्ठाची जिरली की ऐकणाऱ्याला बरे वाटते.

पण क्षणभर थांबून विचार करावा, की या कथेत विक्रेत्याचा अपराध कोणता? त्याने माणसाचा अपमान केला हा, की श्रीमंत ओळखण्यात तो चुकला हा? ग्राहक खरोखरच गरीब असता, तर कथाच उरली नसती. हा प्रश्न मनाशी ठेवून दुकानदारीच्या इतिहासाकडे आपण वळू या.

वस्त्रावरून माणसाची पायरी ठरविणे ही दुकानदारांची युक्ती नव्हे. कित्येक शतके तो राज्यकर्त्यांचा कायदा होता. कोणी रेशीम वापरावे, कोणी मखमल वापरावी, याचे निर्बंध युरोपातील अनेक राज्यांत होते. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७४ साली असाच जाहीरनामा काढला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ साली प्रत्येकाला हवा तो वेष करण्याचे स्वातंत्र्य मिळाले. आपल्या देशात त्रावणकोर संस्थानातील नाडार स्त्रियांना, ज्यांत ख्रिस्ती झालेल्या अनेक होत्या, वक्षस्थळ झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. १८५९ च्या जाहीरनाम्याने तो हक्क दिला, तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखा पेहराव करू नये या अटीवर. असे कायदे गेले, पण त्यांनी लावलेली नजरेची सवय मागे राहिली.

दुकानात त्या सवयीला व्यवहाराची जोड मिळाली. जुन्या काळी वस्तूवर किंमत लिहिलेली नसे. कापडाच्या ठाणावर फार तर दुकानदारालाच कळेल अशी सांकेतिक अक्षरांची खूण असे आणि खरेदीचा भाव तीत दडविलेला असे. विक्रीचा भाव मात्र गिऱ्हाईक पाहून सांगायचा! अंगावरचे कापड, पायांतल्या वहाणा, हातातली अंगठी, बोलण्याची ढब हे सारे एका दृष्टिक्षेपात टिपून किती सांगावे आणि घासाघीस करत कुठवर उतरावे, याचा अंदाज बांधावा लागे. ज्याला हे साधत नसे, तो कच्चा विक्रेता. पारख हा धंद्यातील गुण होता, दुष्टपणा नव्हे, हे न्यायाने म्हटले पाहिजे. श्रीमंत दिसणाऱ्याला भाव चढा लागे, गरीब दिसणाऱ्याला माल हलका दाखविला जाई.

या रीतीला धर्मबुद्धीने विरोध केला तो सतराव्या शतकातील इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी. जे घ्यायचे नाही ते मागणे म्हणजे असत्य बोलणे, अशी त्यांची धारणा. म्हणून ते प्रथमच एक भाव सांगत आणि त्यावर ठाम राहत. आरंभी त्यांची गिऱ्हाइके तुटली. मग लोकांना कळले, की या दुकानात लहान मुलाला पाठविले तरी ते फसत नाही. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनीच ही नोंद करून ठेवली आहे. मुलाच्या वेषात वाचण्यासारखे काय असणार? एक भाव म्हणजे माणूस न वाचता त्याच्याशी केलेला व्यवहार होय.

क्वेकरांनी जे सत्यासाठी केले, ते पुढे व्यापाराने नफ्यासाठी केले. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात १८५२ साली अरिस्तीद बुसिको भागीदार झाले. त्यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत लावली, आत येणाऱ्यावर खरेदीची सक्ती ठेवली नाही, न आवडलेला माल परत घेण्याची सोय केली. आता कुणीही आत यावे, पाहावे, निघून जावे! मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, व्हाइटअवे लेडलॉचे असेच भव्य दुकान उभे राहिले. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले, हा काळाचा विनोद म्हणावा. खादीने तर वेषाचे गणितच बिघडविले. वकील आणि विणकर एकाच पांढऱ्या कापडात दिसू लागले.

मग वेषाची पारख संपली का? नाही. भाव एक झाला, पण विक्रेत्याचा वेळ एकसारखा वाटला गेला नाही. बाँ मार्शेसारख्या दुकानांत विक्रीवर दलाली मिळे. साहजिकच जो घेईल असे वाटे त्याच्याकडे विक्रेता धावे. एमिल झोला यांच्या १८८३ च्या कादंबरीत अशा दुकानाचे दर्शन घडते. तिच्यातील देनीज ही लहान गावातून आलेली मुलगी नोकरीला लागते, तेव्हा तिच्या गरीब कपड्यांना हसतात त्या तिच्याच सहकारी. मालकाने दिलेले काळे रेशीम अंगावर चढवून त्या उभ्या असतात. गरिबाला पारखणाराही बहुधा गरीबच असतो, हे झोलांनी नेमके टिपले.

आपल्या काळातील दोन घटना पाहाव्यात. २०२२ च्या जानेवारीत कर्नाटकातील तुमकुरू येथे मालवाहू गाडी घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला विक्रेत्याने, खिशात दहा रुपये तरी आहेत का, अशा अर्थाचे हिणविले. शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख रुपये आणून दाखविले. देशभर त्याचे कौतुक झाले. २०२४ च्या जुलैत बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलासोबत चित्रपट पाहण्यास आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसले म्हणून दारात अडविण्यात आले. शासनाने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला. पहिली घटना अलवारच्या कथेचीच आवृत्ती आहे. अपमान धुऊन निघाला तो नोटांनी. दुसरीत वृद्धाला काहीच सिद्ध करावे लागले नाही. आम्हांला तिचे मोल अधिक वाटते.

संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रसंग आहे, फक्त दुकानाऐवजी उपासनेची सभा आहे. सोन्याची अंगठी आणि झगमगीत वस्त्रे ल्यालेल्याला मानाचे आसन मिळते. मळक्या कपड्यांतल्याला उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगितले जाते. तो मळक्या कपड्यांतला माणूस पुढे छुपा धनिक निघतो, असे याकोब कोठेही सांगत नाहीत. तो गरीबच आहे, आणि तरीही त्याला आसन हवे.

ही शिकवण दुकानाच्या गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना लागू पडते. केरळमधील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नसे. कोळिकोडमधून सुरू झालेल्या त्यांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळने आणि २०२१ साली तामिळनाडूने त्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. कोणाला बसा म्हणावे आणि कोणाला नाही, हे दारात ठरविणाऱ्यांनाच इतकी वर्षे स्टूल नव्हते. विक्रेत्याच्या नजरेला दोष देताना, ती नजर ज्या व्यवस्थेने घडविली तिचाही हिशेब आपण मांडला पाहिजे.