एका मताने झालेला अध्यक्ष

अमेरिकेचा अध्यक्ष प्रत्यक्ष लोकमताने निवडला जात नाही, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. प्रत्येक राज्याने आपापले निर्वाचक नेमावेत आणि त्यांनी अध्यक्ष निवडावा, अशी १७८७ च्या घटनाकारांची योजना. तीत एक मोठा गुण आहे. निवडणूक राज्याराज्यांनी चालवावयाची असल्यामुळे साऱ्या देशाची मतपेटी एकाच सत्ताधीशाच्या मुठीत जात नाही.

परंतु राज्याने पाठविलेल्या मतांविषयीच तंटा उभा राहिला तर? घटना एवढेच सांगते की, सेनेटच्या अध्यक्षाने दोन्ही सभागृहांसमक्ष लखोटे उघडावेत आणि मग मते मोजली जावीत. कोणी मोजावीत? घटनाकारांनी कर्मणी प्रयोग योजला आणि कर्ता गाळला!

हा गाळलेला कर्ता १८७६ साली शोधावा लागला. डेमोक्रॅट पक्षाच्या टिल्डनला १८४ निर्वाचक-मते निश्चित होती. हवी होती १८५. रिपब्लिकन हेज १६५ वर अडला होता. फ्लोरिडा, लुइझियाना व साउथ कॅरोलायना येथून परस्परविरोधी निकालपत्रे आली. ओरेगॉनच्या एका मताचाही वाद होता. अशी ही वीस मते. काँग्रेसने पाच सेनेटर, पाच प्रतिनिधी व पाच न्यायाधीश यांचे मंडळ नेमले. त्यात रिपब्लिकन आठ, डेमोक्रॅट सात. प्रत्येक वादाचा निकाल आठ विरुद्ध सात! वीसच्या वीस मते हेजला मिळाली आणि २ मार्च १८७७ रोजी तो १८५ विरुद्ध १८४ असा विजयी ठरला.

टिल्डनला लोकांची सुमारे अडीच लाख मते अधिक होती. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असे मात्र सरळ म्हणता येत नाही. दक्षिणेत त्याच्या पक्षाच्या लोकांनी कृष्णवर्णीय मतदारांना धाकदपटशाने, प्रसंगी रक्तपात करून मतदानापासून दूर ठेवले होते. तेव्हा लबाडी दोन्हीकडे होती. एकीकडे मोजणीत, दुसरीकडे मतदानात.

टिल्डनने निकाल मानला, देश दुसऱ्या यादवीतून वाचला. पण एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना व लुइझियाना येथील विधानभवनांपाशी असलेले केंद्राचे सैनिक हेजने काढून घेतले, आणि तेथील रिपब्लिकन सरकारे कोसळली. जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केले ते १८७३ साली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत ही गोष्ट घडली.

मोजणीचा कायदा पुढे १८८७ साली झाला. तोही संदिग्धच निघाला. ६ जानेवारी २०२१ रोजी मोजणी चालू असता जमाव काँग्रेसच्या इमारतीत घुसला. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने स्पष्ट केले की, मोजणीत उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे.

लुइझियानात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत होती. १९०४ साली दीड हजारही उरली नाहीत. दक्षिणेतील या लोकांच्या मताधिकाराला केंद्राचे खरे संरक्षण मिळाले ते १९६५ च्या कायद्याने.